दोन अब्ज डॉलरची शिक्षा

२९ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, म्हणजे एनबीएने, आपल्याच एका संघमालकाला आजन्म हद्दपार केलं. लॉस एंजेलिस क्लिपर्सचा मालक डोनाल्ड स्टर्लिंग याने यापुढे सामन्याला यायचं नाही, सरावाला यायचं नाही, संघाच्या कार्यालयात पाऊल ठेवायचं नाही, मालकांच्या बैठकीत बसायचं नाही. वर २५ लाख डॉलर दंड, नियमात बसणारा जास्तीत जास्त. शिवाय बाकीच्या मालकांनी मतदान करून त्याला संघ विकायला भाग पाडावं, अशी आयुक्त ॲडम सिल्व्हरची जाहीर मागणी. हे सगळं घडलं ते खासगी संभाषणात स्टर्लिंगने कृष्णवर्णीयांबद्दल काढलेल्या उद्गारांमुळे.

साडेतीन महिन्यांत संघ विकला गेला. किंमत आली दोन अब्ज डॉलर. हाच संघ स्टर्लिंगने १९८१ साली सुमारे सव्वा कोटी डॉलरला घेतला होता. नामुष्की पत्करून बाहेर पडलेल्या माणसाच्या कुटुंबाला घातलेल्या पैशाच्या दीडशेपटीहून जास्त पैसे मिळाले.

त्या वेळी बहुतेक वाद रंगला तो भाषणस्वातंत्र्यावर. नुसतं बोलला म्हणून माणसाची मालमत्ता काढून घ्यायची का? माझ्या मते उत्तर शोधायचं ठिकाण हे नव्हेच. संघाची मालकी ही कसली मालकी असते, आणि हा मालक त्या संभाषणाची ध्वनिफीत बाहेर येण्याआधी वर्षानुवर्षं काय करत होता, या दोन गोष्टी आधी पाहायला हव्यात.

चार दिवसांत काय घडलं

२५ एप्रिलला टीएमझी या वृत्तसंकेतस्थळाने ती ध्वनिफीत प्रसिद्ध केली. संभाषण आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमधलं, स्टर्लिंग आणि त्याच्या एका मैत्रिणीमधलं. तिने मॅजिक जॉन्सनबरोबरचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता. लॉस एंजेलिसमध्ये मॅजिक जॉन्सन म्हणजे बास्केटबॉलचं दैवत. स्टर्लिंगचं म्हणणं असं की काळ्या लोकांबरोबर हिंडतेस त्याचा गाजावाजा कशाला, आणि त्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस. तुझ्या स्वतःच्या संघात काळे खेळाडू आहेत हे ठाऊक आहे ना, असं तिने विचारल्यावर तो म्हणाला की आपण त्यांना जेवण देतो, कपडे, गाड्या, घरं देतो. मग त्याने उलट विचारलं, खेळ घडवतं कोण? मी की ते?

एनबीएमधल्या चार खेळाडूंपैकी सुमारे तीन कृष्णवर्णीय आहेत. क्लिपर्सचा प्रशिक्षक डॉक रिव्हर्स कृष्णवर्णीय, आणि कर्णधाराच्या तोडीचा खेळाडू ख्रिस पॉलही. हा पॉल तेव्हा खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. संघ बाद फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सशी झुंजत होता. २७ एप्रिलला ओकलंडमध्ये चौथा सामना होता. क्लिपर्सचे खेळाडू मैदानात आले, अंगातली सरावाची जाकिटं काढून त्यांनी मैदानाच्या मधोमध टाकून दिली. आतले लाल शर्ट त्यांनी उलटे घातले होते, छातीवरचं संघाचं नाव आत जाईल असे. मनगटांवर काळ्या पट्ट्या, पायांत काळे मोजे. कुणी भाषण केलं नाही. सामना ते ९७ विरुद्ध ११८ असा हरले.

दुसऱ्या दिवसापासून प्रायोजक पळायला लागले. कारमॅक्स आणि व्हर्जिन अमेरिकाने करार संपवले, किया आणि स्टेट फार्मने थांबवले. पाचवा सामना २९ तारखेला होता. चेंडू उडाला की मैदान सोडून निघून जायचं, असं वॉरियर्सच्या खेळाडूंनी ठरवलं होतं, ही गोष्ट नंतर बाहेर आली. बाद फेरीचा सामना दूरचित्रवाणीवर सुरू होताच रिकामा पडला असता तर त्या लीगची अब्रू आणि कमाई दोन्ही गेली असती. सामन्याच्या काही तास आधी सिल्व्हरने बंदी जाहीर केली. तो आयुक्तपदावर येऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

मालकी, पण कशाची?

आधी भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा बाजूला करू. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते. स्टर्लिंगला सरकारने तुरुंगात टाकलं असतं तर ती त्याच्या मदतीला धावली असती. एनबीए ही खासगी संस्था आहे. तिच्याशी स्टर्लिंगचं नातं कराराचं, आणि करारात काय लिहिलंय तेवढाच प्रश्न.

मराठी वाचकाला हे नातं सहकारी गृहनिर्माण सोसायटीवरून चटकन कळेल. फ्लॅट आपला, पण आपण सोसायटीचे सभासद म्हणून तो आपला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ नुसार संस्थेच्या हिताला बाधक वागणाऱ्या सभासदाला सर्वसाधारण सभेत हजर असलेल्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने काढता येतं. एनबीएच्या घटनेतही मालकाची सदस्यता रद्द करायला तीन-चतुर्थांश मतं लागतात. फरक आहे तो पुढे. आपल्याकडे असा ठराव निबंधकाने मंजूर केल्याशिवाय अमलात येत नाही. म्हणजे भांडणाबाहेरचा एक माणूस कागद तपासतो. एनबीएत आरोप करणारा आयुक्त, निवाडा करणारे बाकीचे मालक. पुराव्याचे न्यायालयीन नियम तिथे काटेकोर लागू नाहीत, आणि निर्णयाविरुद्ध कोर्टात जाणार नाही असं मालकाने आधीच लिहून दिलेलं. ही घटनाही तोवर बाहेरच्यांना पाहायला मिळत नव्हती. बंदी जाहीर झाली त्याच दिवशी लीगने ती खुली केली.

या घटनेच्या तेराव्या कलमात सदस्यता जाण्याची कारणं दिली आहेत. त्यातली बरीचशी व्यवहाराची आहेत. देणी थकवणं, सट्टा लावणं, ठरलेल्या सामन्याला संघ न पाठवणं, परवानगीशिवाय मालकी दुसऱ्याला देणं. वंशद्वेष असा शब्द तिथे नाही. लीगने आधार घेतला तो करारातल्या जबाबदाऱ्या न पाळून लीगचं आणि इतर संघांचं नुकसान करण्याच्या कलमाचा. स्टर्लिंगच्या वकिलांना हा आधार ओढूनताणून आणलेला वाटला, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण प्रायोजक गेले, खेळाडू मैदान सोडायच्या बेतात होते. मग लीगचं नुकसान झालं नाही असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही मालमत्ता एकट्याच्या कर्तृत्वाने वाढत नाही. क्लिपर्स हा वर्षानुवर्षं लीगमधला सर्वांत रडका संघ होता. स्टर्लिंगच्या मालकीत त्याने बाद फेरीतली पहिली मालिका जिंकली ती २००६ साली, पंचवीस वर्षांनी. तरीही संघाची किंमत चढतच राहिली, कारण दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय कराराचा पैसा सगळ्या संघांत वाटला जातो आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत हरणाऱ्या संघांना झुकतं माप मिळतं. ख्रिस पॉल क्लिपर्सकडे आला तोही लीगच्या हातून. २०११ साली तो न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्सकडे होता आणि तो संघ त्या वेळी लीगच्याच मालकीचा होता. लेकर्स संघाशी ठरलेला त्याचा सौदा तेव्हाचा आयुक्त डेव्हिड स्टर्नने अडवला. काही दिवसांत पॉल क्लिपर्सचा झाला आणि संघाचं नशीब पालटलं. दोन अब्जांत स्टर्लिंगच्या घामाचा वाटा किती, हा प्रश्न त्यामुळे गैरवाजवी नाही. खेळ घडवतं कोण, या त्याच्या सवालाचं उत्तर लीगच्या हिशेबवह्यांतच होतं.

संघाची मालकी करारावर उभी असते हे आपल्याकडेही कोर्टात तपासलं गेलं आहे, वंशद्वेषाच्या नव्हे तर पैशाच्या कारणावरून. बीसीसीआयने २०१२ साली आयपीएलमधल्या डेक्कन चार्जर्सचा करार संपवला. मालक कंपनी आर्थिक गाळात होती. लवादाने २०२० साली बोर्डाला सुमारे ४,८०० कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो निवाडा रद्द केला. नऊ वर्षं चाललेल्या या भांडणात मुद्दा एकच होता: करारातली कुठली अट मोडली, आणि ती सुधारायला पुरेसा वेळ दिला होता का. मालकाला काढायचं असेल तर कारण आणि कार्यपद्धती दोन्ही कागदावर पक्की लागतात.

जे मतदान झालंच नाही

३ जून २०१४ ही सुनावणीची तारीख ठरली होती. मतदान करणार होते लीगचे मालक. त्यांत २०१३ साली सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेतलेले, मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवेही होते. पण मतदानाची वेळच आली नाही, कारण मधल्या काळात प्रकरण स्टर्लिंगच्या घरात शिरलं.

क्लिपर्सची मालकी कागदोपत्री एका कौटुंबिक विश्वस्तनिधीकडे होती. विश्वस्त दोघे, डोनाल्ड आणि त्याची बायको शेली. निधीच्या दस्तऐवजात अशी तरतूद होती की डॉक्टरांनी एखाद्या विश्वस्ताची मानसिक क्षमता उरली नाही असं लिहून दिलं तर त्याचं विश्वस्तपद जातं. दोन डॉक्टरांनी तपासून तसं लिहून दिलं. शेली एकटी विश्वस्त उरली आणि मे महिन्याच्या अखेरीस तिने मायक्रोसॉफ्टचा माजी प्रमुख स्टीव्ह बामरशी दोन अब्जांचा सौदा केला. त्या वर्षाच्या सुरुवातीला फोर्ब्स मासिकाने क्लिपर्सची किंमत ५७ कोटी ५० लाख डॉलर धरली होती, आणि तोवर एनबीएचा सर्वांत महाग विकला गेलेला संघ ५५ कोटींचा होता.

स्टर्लिंगने थयथयाट केला. कॅलिफोर्नियाच्या प्रोबेट न्यायालयात, म्हणजे वारसा आणि विश्वस्तनिधीचे वाद चालतात तिथे, तो विक्रीविरुद्ध उभा राहिला. जुलैच्या अखेरीस न्यायाधीशाने शेलीच्या बाजूने निकाल दिला आणि १२ ऑगस्टला विक्री पूर्ण झाली. लीगवर त्याने एक अब्ज डॉलरचा दावा लावला होता, तोही २०१६ मध्ये फेटाळला गेला. त्यातली गंमत अशी की नवऱ्याने दावा जिंकलाच तर लीगला बसणारा भुर्दंड आपण भरू, असं शेलीने विक्रीच्या करारात लिहून दिलं होतं. डाव्या खिशातून उजव्या खिशात.

थोडक्यात, वंशद्वेषी मालकाला मतदानाने काढता येतं का, याचा निकाल एनबीएच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या प्रकरणातही लागला नाही. संघ गेला तो डॉक्टरांच्या दाखल्यावर.

बोलणं सापडलं, वागणं राहिलं

माझा खरा आक्षेप पुढचा आहे. स्टर्लिंगचा मूळ धंदा घरभाड्याचा. लॉस एंजेलिस परिसरात त्याच्या मालकीच्या हजारो सदनिका होत्या. २००६ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच्यावर खटला भरला. बेव्हर्ली हिल्समध्ये कृष्णवर्णीयांना, कोरियाटाउनमध्ये कोरियन नसलेल्यांना आणि ठिकठिकाणी लहान मुलं असलेल्या कुटुंबांना घर नाकारलं जातं, असा आरोप होता. २००९ साली आरोप कबूल न करता त्याने २७ लाख २५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. भाड्याच्या घरांतल्या भेदभावाबद्दल न्याय खात्याने तोवर मिळवलेली ही सर्वांत मोठी रक्कम होती. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. एनबीएने ना चौकशी बसवली, ना दंड केला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेने त्याच वर्षी त्याला जीवनगौरव पुरस्कार दिला, आणि २०१४ च्या मे महिन्यात दुसरा पुरस्कार द्यायची तयारी चालू होती. ध्वनिफीत आली आणि तो पुरस्कार रद्द झाला.

समतोलासाठी हेही सांगायला हवं की त्याच्याविरुद्धचा प्रत्येक आरोप टिकला नाही. बावीस वर्षं संघाचा व्यवस्थापक असलेल्या एल्जिन बेलर या जुन्या महान खेळाडूने २००९ मध्ये दावा लावला होता. त्यातला वंशभेदाचा मुद्दा खटल्याआधीच मागे घेतला गेला आणि २०११ मध्ये ज्युरीने स्टर्लिंगच्या बाजूने कौल दिला. पण म्हणूनच तर चौकशी हवी होती.

आता तुलना करून पाहा. घर नाकारल्याने कुटुंबाला शाळा, नोकरी, वस्ती सगळं बदलावं लागतं. दिवाणखान्यातल्या बडबडीने मॅजिक जॉन्सनचं काय बिघडलं? इन्स्टाग्रामवरचा एक फोटो. तरीही लीग हलली ती बडबडीवर, कारण बडबड ऐकता येते, दूरचित्रवाणीवर वाजवता येते, तिच्यामुळे प्रायोजक एका दिवसात पळतो. न्यायालयातल्या फायली कोण वाचतं?

ध्वनिफितीवर भिस्त ठेवण्यात आणखी एक धोका आहे. कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करणं गुन्हा आहे. संमती होती की नाही यावर त्या दोघांत वाद झाला, पण लीगने त्यात डोकं घातलं नाही. आज वंशद्वेषी मालक सापडला, उद्या एखाद्याचं राजकीय मत, आजारपण किंवा घरचं भांडण सापडेल. डॅलस मॅव्हरिक्सचा तेव्हाचा मालक मार्क क्यूबन याने स्टर्लिंगचे उद्गार घृणास्पद आहेत म्हणतानाच बोलण्यावरून संघ काढून घेण्याबद्दल धोक्याचा इशारा दिला होता. त्याची भीती अगदीच निराधार नव्हती.

२०१४ मध्येच अटलांटा हॉक्सचा मालक ब्रूस लेव्हनसन याचं प्रकरण झालं. त्याने २०१२ मध्ये सहकाऱ्यांना ईमेल पाठवला होता. आपल्या सामन्यांना कृष्णवर्णीय प्रेक्षक जास्त येतात आणि गोरे श्रीमंत प्रेक्षक दूर राहतात, असा त्याचा विपणनाचा सूर. ईमेल त्याने स्वतः लीगला कळवला आणि संघ विकायचं जाहीर केलं. शिवी नाही, घर नाकारणं नाही. पण ज्या प्रेक्षकाच्या तिकिटावर धंदा चालतो त्यालाच अडचण समजणं ही त्याच्या कारभाराशी थेट जोडलेली गोष्ट होती. खासगी बडबड आणि कारभारातला भेदभाव यांतली रेघ इथे दिसते.

आठ वर्षांनी

लीग काही शिकली का? काही अंशी. नोव्हेंबर २०२१ मध्ये फिनिक्स सन्सचा मालक रॉबर्ट सार्व्हर याच्यावर वंशवादी आणि स्त्रियांचा अपमान करणाऱ्या वागणुकीचे आरोप ईएसपीएनने छापले. या वेळी एनबीएने बाहेरच्या वकील संस्थेकडून चौकशी करवली. ३२० जणांच्या मुलाखती झाल्या, ८० हजारांहून अधिक कागदपत्रं तपासली गेली. कृष्णवर्णीयांसाठीचा सर्वांत घाणेरडा शब्द इतरांचं बोलणं सांगताना का होईना त्याने किमान पाच वेळा उच्चारला, स्त्री कर्मचाऱ्यांना भेदभावाने वागवलं, असे निष्कर्ष निघाले. त्यामागे वंशद्वेषाचा हेतू सिद्ध झाला नाही असंही अहवालात होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षा झाली: एक वर्ष निलंबन आणि एक कोटी डॉलर दंड.

त्या वेळी सन्समध्ये खेळत होता तोच ख्रिस पॉल. शिक्षा अपुरी आहे, असं त्याने आणि लेब्रॉन जेम्सने उघड म्हटलं. सिल्व्हरने सांगितलं की संघाच्या मालकाचे हक्क आणि नोकराचे हक्क एकसारखे नसतात. सन्सच्या जर्सीवर नाव असलेल्या पेपॅलने मात्र कळवून टाकलं की सार्व्हर परत येणार असेल तर आम्ही करार वाढवणार नाही. शिक्षा जाहीर झाल्यावर आठव्या दिवशी सार्व्हरने संघ विकायला काढला. २००४ साली सुमारे ४० कोटी डॉलरला घेतलेल्या संघाचं मूल्य चार अब्ज डॉलर धरलं गेलं.

पुन्हा तेच. चौकशी नीट झाली, पण मालकाला हलवलं प्रायोजकाने, आणि जाणारा गब्बर होऊनच गेला. बेसबॉलमध्येही सिनसिनाटी रेड्सची मालकीण मार्ज शॉट हिला वंशद्वेषी उद्गारांबद्दल १९९३ मध्ये निलंबन आणि २५ हजार डॉलर दंड झाला होता. १९९६ मध्ये हिटलरची भलामण केल्यावर तिला कारभार सोडावा लागला आणि अखेर तिने संघाची सूत्रं विकली.

मग जावी का मालकी?

जावी, असं माझं मत आहे. ज्या धंद्यात बहुसंख्य कामगार कृष्णवर्णीय आहेत आणि ज्याची भरभराट सर्वांनी मिळून केली आहे, तिथे कृष्णवर्णीयांना कमी लेखणाऱ्याला सूत्रं हातात ठेवण्याचा हक्क नसावा. प्रशिक्षक असं बोलला असता तर संध्याकाळच्या आत त्याची उचलबांगडी झाली असती. मालकासाठी माप वेगळं का?

पण अटी घालून. कारण घटनेत स्पष्ट लिहिलेलं असावं. ‘लीगचं नुकसान’ या मोघम शब्दात कोंबलेलं नको, नाहीतर उद्या नुकसान ठरवणार ती प्रायोजक कंपनी. पुरावा वागण्याचा असावा: कुणाला नोकरी नाकारली, कुणाला घर, कुणाला बढती. चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणावरून चौकशी सुरू व्हायला हरकत नाही, पण निकाल चौकशीवरच लागावा. शेवटचा शब्द दुसऱ्या मालकांचा नव्हे, बाहेरच्या त्रयस्थाचा असावा. आपल्या निबंधकासारखा कुणीतरी. आणि दंड संघाच्या किमतीशी जोडलेला असावा. २५ लाख डॉलर म्हणजे दोन अब्जांचा आठशेवा भाग. हद्दपार मालकाला मूळ गुंतवणूक आणि रास्त परतावा द्यावा, उरलेला फायदा ज्यांच्याशी भेदभाव झाला त्यांच्यासाठी वापरावा, असं करारात आधीच लिहिलं तर सौदा करताना प्रत्येक श्रीमंत दोनदा विचार करेल.

या अटी २००९ साली असत्या तर घरभाड्याचा तो खटला मिटला त्याच आठवड्यात लीगला चौकशी बसवावी लागली असती. तेव्हा प्रश्न विचारला असता तो घर नाकारल्या गेलेल्या भाडेकरूंना, आणि स्टर्लिंगचं भवितव्य त्यांच्या साक्षीवर ठरलं असतं.